लग्नाला अडीच वर्षं झाली, पण 'एक वर्ष' मोजायचं कुठून?

बेदाणा | सोमवार, रात्री ११:१०

एरवी मी पाककृतींच्या धाग्यावर असते, इथं पहिल्यांदाच लिहितेय.

माहेर तासगाव, सासर विटा. वय ३०, ह्यांचं ३४. लग्नाला अडीच वर्षं झाली. ह्यांचं गलाईचं दुकान तमिळनाडूत आहे, दिरांबरोबर भागीदारीत. (बाहेरच्यांसाठी: जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं यापायी देशभर पांगलीत.) मी इथंच पतसंस्थेत नोकरीला, सासू-सासऱ्यांजवळ.

अजून दिवस राहिलेले नाहीत. आधी कुजबुज होती, आता तोंडावर बोलतात. मागच्या महिन्यात चुलतजावेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला मी उठले तर एक काकू म्हणाल्या, "तू राहू दे गं, आत ताटं बघ." बघितली ताटं. चौदा होती.

सगळीकडे वाचते की वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरकडे जा. पण आमचं वर्ष झालं का? परवा बसून हिशोब केला. सासूबाई कॅलेंडरवर दूध लिहून ठेवतात आणि जुनी कॅलेंडरं टाकत नाहीत. हे घरी असले की दूध दीड लिटर, नसले की एक. सगळे दीड लिटरवाले दिवस मोजले. अडीच वर्षांत १३४.

दिवाळीला हे वीस दिवसांसाठी येतायत. तेव्हा दाखवावं, का अजून थांबावं? आणि दाखवायचं तर आधी कोणी, मी का ह्यांनी?

---

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ११:३२

गवळ्याच्या हिशोबावरून पाळणा मोजणारी तुम्ही पहिल्याच असाल ताई. हसण्यावारी नेत नाही, डोकं जबरदस्त चालवलंय. जाणकार येतीलच.

---

नुसताच_वाचक | मंगळवार, सकाळी ७:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. नवरा तिकडं, बायको इकडं, मग दिवस राहणार कसे? डॉक्टर काय करणार यात? नोकरी सोडा आणि जा नवऱ्याबरोबर. आमच्या आयांनी असल्या तपासण्या केल्या होत्या का?

---

वाघ्या_घेवडा | मंगळवार, सकाळी ९:४८

@नुसताच_वाचक, नुसतंच वाचत राहिला असता तर बरं झालं असतं. ताईंनी विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय! नोकरी सोडायची तीही बाईनंच, नाही का?

बेदाणा, मी कोरेगावची. माझ्यावर चार वर्षं उपचार झाले. त्यातली पहिली दोन अक्षरशः वाया गेली, कारण तपासण्या फक्त माझ्या चालल्या होत्या. तीनदा सोनोग्राफी, रक्त काढून काढून हात निळा. नवऱ्याचं नाव काढलं की सासरे म्हणायचे, "आमच्यात कुणाला असलं काही नाही." शेवटी एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, "ह्यांचा रिपोर्ट आणल्याशिवाय तुमची फाईल उघडणार नाही." रिपोर्टमध्ये शुक्राणू नावालाच होते. काही शे रुपयांची तपासणी, एका दिवसात कळलं असतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर: दोघांनी एकदमच. एकालाच पुढं व्हायचं असेल तर त्यांना होऊ द्या.

---

औदुंबर | मंगळवार, दुपारी १:२०

औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जोडीनं जाऊन या. आमच्या भाचीला अकरा गुरुवार केल्यावर गुण आला. शिवाय कडेगावकडं एक वैद्य झाडपाल्याचं देतात, तीन महिन्यांचा कोर्स असतो. श्रद्धा हवी.

---

मिरजकर_डॉ | मंगळवार, रात्री १०:१५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथं कुणालाही औषध सांगणार नाही, पण प्रश्न इतका नेमका आहे की लिहावंसं वाटलं.

आधी 'एक वर्षा'बद्दल. हे वर्ष लग्नाच्या तारखेपासून धरत नाहीत. कोणतंही गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध असताना गेलेले १२ महिने धरायचे. बाईचं वय ३५ च्या पुढं असेल तर ६ महिने, आणि चाळिशी गाठली असेल तर थांबायचंच नाही. असा नियम का, तर तरुण, निरोगी जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. वर्षभरात शंभरातल्या ८० ते ८५ जोडप्यांकडे आपोआप गोड बातमी येते. म्हणजे दोन-तीन महिने झाले नाही म्हणून घाबरायचं कारण नसतं.

आता तुमचे १३४ दिवस. त्यातलेही सगळे कामाचे नाहीत. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पोटात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळं महिन्यातले सहाच दिवस मोलाचे: बीज सुटतं तो दिवस आणि आधीचे पाच. 'चौदावा दिवस' सगळ्यांना पाठ असतो, पण तो २८ दिवसांच्या पाळीचा झाला. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. पाळी ३२ दिवसांनी येत असेल तर १८ वा दिवस धरा. तुमच्या पाळीच्या तारखा असतील तर त्या दुधाशेजारी मांडून बघा.

काही जणांनी मात्र वर्ष मोजत बसूच नये. पाळी दोन-दोन महिने येत नाही, पाळीत किंवा संबंधांच्या वेळी असह्य दुखतं, पूर्वी टीबी झालेला आहे (आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागं टीबी बऱ्याचदा निघतो, आणि तो छातीत असायलाच हवा असं नाही), अपेंडिक्स फुटून मोठं ऑपरेशन झालंय, कर्करोगाचे उपचार झालेत, अशांनी लगेच दाखवावं. पुरुषांत लहानपणी अंड वर राहिलेलं असणं, वयात आल्यावर गालगुंड होऊन खाली सूज आलेली असणं, हर्नियाचं ऑपरेशन, किंवा संबंधच नीट न जमणं. हे शेवटचं कारण पेशंट कधीच स्वतःहून सांगत नाहीत. दार लोटून, तिसऱ्यांदा विचारल्यावर एखादा मान खाली घालून बोलतो.

तुमच्या बाबतीत नियमाप्रमाणं वर्ष भरलेलं नाही. तरीही दिवाळीत तपासून घ्या असंच म्हणेन, कारण तुमच्याकडे महिने कमी आणि मधली अंतरं मोठी. दिवाळी हुकली तर पुढची संधी थेट जत्रेत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: वीर्यतपासणीआधी वीर्यपात होऊन २ ते ७ दिवस झालेले असावेत. फार मोठा खंड पडलेला असला तर शुक्राणूंची हालचाल उगाच मंद दिसते. म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या लॅब गाठू नका.

@औदुंबर, दर्शनाला माझी ना नाही, मीही जाते. पण नाव-गाव नसलेल्या पुडीत काय आहे ते कळत नाही, आणि तीन महिन्यांचा कोर्स म्हणजे बेदाणाताईंच्या हिशोबात एक फेरी गेली.

---

भडंगप्रेमी | मंगळवार, रात्री १०:४१

इतकी वर्षं बारावीचं जीवशास्त्र शिकवतो, पण हे 'पुढच्या पाळीच्या आधी १४' मी मुलांना कधी सांगितलंच नाही. उद्या सांगतो. पालक भांडायला आले तर त्यांना मिरजेला पाठवतो.

---

अपशिंगेकर | बुधवार, सकाळी ६:३०

आमचं गाव सातारा तालुक्यातलं अपशिंगे, लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. घरटी एक फौजी. बेदाणाताईंचं वाचून वाटलं, गलाई काय न् पलटण काय, सारखंच.

मी सतरा वर्षं नोकरी केली. सुट्टी मिळायची तेव्हा घरी कुणाचं तरी लग्न, नाहीतर बांधावरचं भांडण. बायको म्हणायची, "तुमची सुट्टी तालुक्याला वाटून झाली की उरलेली मला द्या." चार वर्षांनी सातारला एका डॉक्टरांना दाखवलं. दोघांचंही सगळं नॉर्मल. त्यांनी सुचवलं, पोस्टिंगवर जायच्या आधी वीर्य गोठवून ठेवा, ह्यांचे दिवस जुळतील तेव्हा आम्ही आत सोडू. आययूआय म्हणतात त्याला. मी तिकडं बर्फात आणि माझे शुक्राणू इकडं बर्फात! दुसऱ्या खेपेला राहिलं. पोरगी आता नववीत आहे, तिला यातलं काही सांगितलेलं नाही, तेव्हा इथंच राहू द्या.

---

तालमीतला_गडी | बुधवार, दुपारी ३:१२

नवं खातं काढून लिहायलोय, कारण कळेलच. कुस्ती करत होतो, पुढं जिम. अंग भरावं म्हणून एकानं इंजेक्शनं चालू केली. दीड वर्ष घेतली. दंड असे झालेवते की शर्ट शिवून घ्यावा लागायचा. लग्न झालं, वर्ष गेलं, रिपोर्ट केला. शून्य. कमी न्हवं, शून्य.

डॉक्टर म्हणाले, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घातलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, मग तो अंडातला कारखानाच बंद ठेवतो. पुरुषपणाचं औषध म्हणून घेतलं आणि त्यानंच बाप व्हायचं बंद केलं. इंजेक्शन बंद करून आठ महिने झालेत. आता शुक्राणू दिसायला लागलेत, थोडे आहेत. घरी बायको सोडून कुणाला म्हाईत न्हाई. आई अजून बायकोलाच वैद्याकडं न्यायची म्हणते. मला तिथं बोलायला तोंड उघडत न्हाई, ही माझी लाज.

---

वाघ्या_घेवडा | बुधवार, दुपारी ४:००

@तालमीतला_गडी, इथं लिहिलंत तेवढंच आज आईला सांगा. एका वाक्यात होतं. ते वाक्य तुमच्या बायकोनं किती दिवस पोटात धरलंय त्याचा विचार करा.

---

तालमीतला_गडी | बुधवार, रात्री ११:५५

बघतो.

---

शेंगा_चटणी | गुरुवार, सकाळी ११:२६

माझी वेगळीच तऱ्हा. पहिला मुलगा सहा वर्षांचा, तो लग्नानंतर तिसऱ्या महिन्यातच राहिलेला. दुसऱ्यासाठी अडीच वर्षं झाली. लोकांना सांगितलं तर, "एक आहे ना, मग कशाला?" वर हसतात. पहिलं झालंय म्हणून मीही निवांत राहिले, आणि वय ३६ होऊन बसलं.

नळ्यांचा एक्स-रे झाला. पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करतात, आत औषध सोडून ते नळीतून पुढं सरकतं का बघतात. कुणाला करायचा असेल तर आधी दुखण्याची गोळी घ्यावी का ते डॉक्टरांना विचारून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच-दहा मिनिटांचंच काम, पण टेबलाची कड धरून मी पसायदान म्हटलं आणि मध्येच विसरले. डावी नळी बंद निघाली, उजवी उघडी. "एक उघडी म्हणजे दार उघडं आहे," असं डॉक्टर म्हणाले.

---

पुणेरी_पाहुणा | गुरुवार, दुपारी १२:४०

हे सगळं वाचून एकच म्हणेन, सरळ आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा आणि मोकळे व्हा. माझ्या बहिणीनं पुण्यात केलं, पहिल्याच फेरीत जुळी. सांगली-सातारा वगैरेत वेळ घालवू नका.

---

मिरजकर_डॉ | गुरुवार, रात्री ९:३०

बहिणीचं अभिनंदन, पण 'मोकळे व्हा' म्हणण्याइतकं ते सोपं नाही. एका फेरीचा खर्च लाखाच्या पुढं जातो आणि यशाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. देत असेल तर तिथून उठा. बऱ्याच जणींचं काम गोळ्यांनी बीज तयार करण्यावर किंवा थायरॉईड सुधारण्यावर होतं. पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटणं) असून वजन जास्त असेल, तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळी मार्गावर येते. नळ्या दोन्ही बंद, शुक्राणू अगदीच कमी, वय हातातून चाललेलं, अशा वेळी मात्र आयव्हीएफला उगाच उशीर करू नये.

कुठंही गेलात तरी केंद्र कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते बघा, प्रमाणपत्र भिंतीवर असतं. त्याच कायद्यानं वयाची मर्यादाही घातलीय: बाई ५० आणि पुरुष ५५ पर्यंत.

---

पुणेरी_पाहुणा | गुरुवार, रात्री ९:५२

देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ मुंबईच्या केईएममधलं, हे तरी मान्य ना? १९८६, डॉ. इंदिरा हिंदुजा. तेव्हापासून हे शास्त्र मोठ्या शहरांतलंच.

---

भडंगप्रेमी | गुरुवार, रात्री १०:२०

त्या बाळाचं नाव हर्षा, ६ ऑगस्ट १९८६, बरोबर. पण त्याच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कलकत्त्यात याच तंत्रानं दुर्गा जन्मली होती. जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाला, इंग्लंडच्या लुईस ब्राऊनला, तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं ते काम सरकारी समितीनं खोटं ठरवलं, परदेशात जाऊन मांडूही दिलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. पुढं त्यांच्या वह्या चाळून "पहिला मान यांचाच" असं जाहीर केलं ते डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी. आणि हर्षाच्या जन्मामागच्या शास्त्रज्ञांत आनंदकुमार स्वतः होते! आपल्या नावावरचा पहिला नंबर आपल्या हातानं खोडणारा माणूस. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून विषय सोडून लिहिली.

---

नुसताच_वाचक | शुक्रवार, सकाळी ७:१०

ज्ञानात भर पडली. परवाचं माझं बोलणं जरा जास्त झालं. आमच्याकडे धाकट्या भावाचं असंच चाललंय, तो गेली तीन वर्षं ह्या विषयावर बोलला की मी हेच ऐकवतो. त्याला धागा पाठवला आहे.

---

कृष्णाकाठी | शुक्रवार, दुपारी २:०५

एक विचारू का, मूल झालंच पाहिजे असं आहे का? आम्ही दोघांनी ठरवून नाही घेतलं. सुखात आहोत.

---

शेंगा_चटणी | शुक्रवार, दुपारी २:३०

ठरवून न घेणं आणि हवं असून न होणं, यात फार फरक आहे हो. भरल्या पोटी उपास करणाऱ्यानं भुकेल्याला एकादशी सांगू नये.

---

बेदाणा | शुक्रवार, रात्री ११:४०

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं पाळीच्या तारखा दुधाशेजारी मांडल्या. हे नऊ वेळा आले. त्यातल्या पाचच फेऱ्यांत ते सहा दिवस सापडले. त्यातही एकदा घरात सुतक होतं, मी आणि सासूबाई आत झोपलो, हे बाहेरच्या सोप्यात. म्हणजे चार. अडीच वर्षं अडीच वर्षं म्हणून मी रडत होते आणि संधी मिळाली होती चारदा!

जाणार आहोत. ह्यांना फोनवर सांगितलं. आधी गप्प, मग म्हणाले, "दिवसभर भट्टीपुढं असतो, त्यानं काही होत असेल का?" सोनं हजारच्या पुढच्या अंशांवर वितळतं. हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

---

मिरजकर_डॉ | शनिवार, सकाळी ८:१५

प्रश्न अगदी रास्त आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, अंड शरीराबाहेर असतात ते त्याचसाठी. भट्टीसमोर रोजचे तास, धातूंचा धूर, घट्ट कपडे, तंबाखू, सगळ्याचा परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांना धंदा नक्की सांगायचा. 'व्यापार' एवढंच सांगून सोडू नका.

---

बेदाणा | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०

वर काढतेय. कुणी विचारायच्या आत: नाही, तसली बातमी नाही.

लॅबचं आधी सांगते. सांगलीत जिथं पहिल्यांदा गेलो तिथं नमुना द्यायची जागा म्हणजे ईसीजीच्या खोलीशेजारचा संडास, कडी न लागणारा. वर काउंटरवरून आवाज, "सिमेनवाले कोण?" बाकावरची सगळी माणसं वळली. हे सरळ जिना उतरून खाली. मला वाटलं, संपलं. खाली जाऊन बघते तर गाडीला टेकून चहा पितायत. म्हणाले, "डबी आण, ताईकडं जाऊ."

नणंद विश्रामबागला असते. तिला "पाणी प्यायला आलो" म्हणून सांगितलं. मग डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाची ऊब राहावी म्हणून, वरून स्वेटर. दिवाळीच्या उन्हात स्वेटर घातलेला एकच माणूस असेल सांगलीत. अर्ध्या तासात पोचायचं होतं, बावीस मिनिटांत पोचलो. दुसऱ्या लॅबमध्ये. तिथल्या मुलीनं डबी हातात घेऊन फक्त वेळ विचारली आणि लिहिली. इतकं साधं.

शुक्राणूंची संख्या चांगली आहे, हालचाल थोडी कमी. डॉक्टर म्हणाले, एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला सत्तर-बहात्तर दिवस लागतात, तीन महिन्यांनी पुन्हा करू, तोवर भट्टीपासून लांब आणि तंबाखूचा मावा बंद. (मावा खातात हे मला तिथं कळलं!) माझं थायरॉईड वाढलेलं निघालं, गोळी चालू केली. सोनोग्राफी नीट आहे. फॉलिक अॅसिडही दिलंय.

आता सासूबाईंचं. रिपोर्टची पिशवी कपाटावर ठेवली होती, त्यांनी बघितली. मी कॅलेंडरं काढून बसले होते तेव्हाच त्यांना संशय आला होता म्हणे. रात्री भाकरी थापताना एकदम म्हणाल्या, "तुझे सासरे कलकत्त्याला होते. लग्नानंतर पाचव्या वर्षी हा झाला. तोवर मी पण ताटंच बघायचे." एवढं बोलून तवा उतरवला. मी त्यांना डोहाळजेवणातलं काही सांगितलं नव्हतं.

---

वाघ्या_घेवडा | रविवार, रात्री १०:५०

वाचून बराच वेळ नुसती बसले.

---

मिरजकर_डॉ | सोमवार, सकाळी ८:०५

छान केलंत. थायरॉईड सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. आणि तारखा बघत बसू नका, एक-दोन दिवसांआड संबंध आले तरी पुरतं.

---

तालमीतला_गडी | सोमवार, दुपारी १:१५

ताई, आईला सांगितलं. दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाली, "चल, वैद्याकडं नको, भाजी आणायला जाऊ."

---

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ९:१०

बेदाणाताई, दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. सध्या दूध किती घेता?

---

बेदाणा | सोमवार, रात्री ९:२५

दीड. तिकीट रद्द केलंय, दुकान दीर बघतायत.